पेटीत जागा नव्हती

कॅटलॉग म्हटलं की आमच्या चिकलठाण्यात लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक लग्नपत्रिकांच्या दुकानातला, नमुने चिकटवलेला. दुसरा टाइल्सच्या दुकानातला. त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्यासमोर मी पेटी उघडतो आणि "हे माझे कॅटलॉग" म्हणतो, तेव्हा तो आधी विचारतो, "सर, शाळा सोडून काही धंदा सुरू केला काय?"

पेटी अब्बांची. लोखंडी, हिरवी, एका बाजूला पोचा आलेला. अब्बा इथल्याच एमआयडीसीत एका कारखान्यात होते. त्यांचे कपडे, पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या या पेटीत असायच्या. आता त्यात चित्रप्रदर्शनांचे दोनशेच्या वर कॅटलॉग आहेत. काही घडीचे, चार पानांचे. काही विटेएवढे जाड. थोडी चित्रकारांनी स्वतः केलेली पुस्तकं. मी चित्रं काढत नाही, विकत घेण्याची ऐपत नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. मग हे कशासाठी, हा प्रश्न बायकोनं विचारला, मुलानं विचारला, मीही स्वतःला विचारला. त्याचं उत्तर मला एका जुन्या विद्यार्थिनीनं दिलं, आणि ते ऐकायला बरं नव्हतं. तिच्यापर्यंत येतोच. पण सुरुवात अम्मीपासून करायला हवी.

अम्मी कुरआन वाचते, बाकी सहीपुरतं लिहिते. रस्त्यात उर्दूचा फाटका कागद दिसला की ती वाकून उचलते. "क्या मालूम, अल्ला का नाम लिखेला होगा." मग तो कागद ओढणीनं पुसून कपाटावरच्या पिशवीत. पिशवी भरली की अब्बा ती नेऊन कब्रस्तानच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरायचे. अनेक मुसलमान घरांत ही रीत आहे, वाचकांना माहीत असेल. मी शाळेत जायला लागल्यावर अम्मीला सांगितलं की उर्दू पेपरात सिनेमाच्या जाहिरातीही असतात. ती म्हणाली, "हरफ तो वहीच है ना."

अशा घरात वाढलेल्या माणसाला रद्दीच्या दुकानासमोरून सरळ जाता येत नाही.

२००३ साल. बी.एड. नुकतं झालं होतं, नोकरी नव्हती. मुकुंदवाडीकडे एका रद्दीवाल्याकडे मी जुनी गाईडं शोधायला जायचो. तिथं तराजूखाली एक बारा पानी पुस्तिका दिसली. गुळगुळीत कागद, मुंबईतल्या कुठल्याशा प्रदर्शनाची. चित्रं काळी-करडी, मला काही कळली नाहीत. पण प्रत्येक चित्राखाली एक ओळ होती. नाव, साल, कशावर कशानं काढलं, लांबी-रुंदी, आणि शेवटी ते कुणाकडे आहे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. एवढ्याशा कागदाची इतकी नोंद? आमच्या घरात तर अब्बांच्या जन्मतारखेचीही नीट नोंद नव्हती. रद्दीवाल्यानं वजन न करताच तीन रुपये घेतले. अम्मी म्हणाली, "ये रद्दी कायकू लाया रे?" ज्या बाईनं आयुष्यभर रद्दी उचलली, तिनं हे विचारावं!

नोकरी लागल्यावर वर्षातून दोनदा मुंबई सुरू झाली. रात्रीच्या देवगिरीनं निघायचं, सकाळी उतरायचं. जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडते, तोपर्यंत हुतात्मा चौकाच्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं धुंडाळायची. मग जहांगीर, तिथून समोर सरकारी संग्रहालय, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला दालन. रात्रीच्या गाडीनं परत. सुरुवातीला दालनात शिरताना छाती धडधडायची. दाढी, झोळी, पायात सँडल. कुणी काही बोललं नाही कधी, पण आपण चुकून आलो आहोत असं वाटत राहायचं. टेबलावरचा कॅटलॉग हातात आला की ते थांबायचं. कॅटलॉग कुणालाही ओळखपत्र मागत नाही.

हळूहळू लक्षात आलं, की प्रदर्शन ही फार अल्पायुषी गोष्ट आहे. आठवडाभर असतं, मग चित्रं उतरतात, खिळे निघतात, भिंतीला पुन्हा पांढरा रंग. १९६३ साली दिल्लीत 'ग्रुप १८९०' नावाच्या बारा चित्रकारांनी प्रदर्शन भरवलं. भावनगरमधल्या ज्या घरात ते जमले त्याचा नंबर १८९०, म्हणून हे नाव. त्यांच्यात आपल्या अकोल्यात जन्मलेले अंबादास होते, गुलाम मोहम्मद शेख होते. उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. कॅटलॉगची प्रस्तावना मेक्सिकोचे तेव्हाचे राजदूत आणि कवी ऑक्टाव्हियो पाझ यांनी लिहिली. त्या गटाचं हे पहिलं प्रदर्शन आणि शेवटचंही. गट फुटला, पण आज साठ वर्षांनी त्याच्याबद्दल बोलता येतं ते छापलेल्या त्या पानांमुळे. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल'चंही तसंच. मुंबई-दिल्लीत भरलेल्या त्या प्रदर्शनात सुधीर पटवर्धन, नलिनी मलानी, भूपेन खख्खर असे सहा जण होते. गीता कपूर यांनी कॅटलॉगमध्ये माणसाच्या आकृतीवर लिहिलेला लेख अजून वाचला जातो.

भूपेन खख्खरांचा आणखी एक किस्सा. हे मूळचे मुंबईच्या खेतवाडीचे, पेशानं हिशेबनीस. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःच्या प्रदर्शनाचा कॅटलॉग काढला, त्यात स्वतःचेच फोटो. एकात टूथपेस्टच्या जाहिरातीतला हसरा माणूस, एकात जेम्स बाँड. मोठ्या कलावंतांच्या कॅटलॉगमध्ये जो गंभीर थाट असतो, त्याची पार टोपी उडवली. मी ती पानं नंतरच्या पुस्तकांत छापलेली पाहिली. मूळ प्रत माझ्याकडे असती तर पेटीला दोन कुलपं लावली असती.

आता संकल्पनाकला. हे नाव ऐकलं की शिक्षक मित्र हसतात. "म्हणजे काहीच न काढता चित्रकार?" थोडंफार तसंच. साठच्या दशकात काही कलावंतांनी म्हटलं, की कलाकृतीत खरी गोष्ट असते ती कल्पना. कॅनव्हास, रंग, फ्रेम ही तिची वाहनं. मग वाहन साधं असलं तरी चालेल. टंकलेखित कागद चालेल, यादी चालेल, छापील पुस्तकही चालेल. न्यूयॉर्कमध्ये सेथ सिगलॉब नावाच्या माणसानं जानेवारी १९६९ मध्ये चार कलावंतांचं प्रदर्शन भरवलं आणि सांगितलं, की प्रदर्शन म्हणजे हा कॅटलॉग. खोलीत ठेवलेल्या वस्तू ही त्याची पुरवणी. त्याच्या महिनाभर आधी त्यानं सात कलावंतांना प्रत्येकी पंचवीस पानं देऊन 'झेरॉक्स बुक' काढलं होतं. गंमत अशी, की झेरॉक्स तेव्हा इतकं महाग होतं की हजार प्रती शेवटी ऑफसेटवर छापाव्या लागल्या. त्याआधी १९६३ मध्ये एड रुशे यानं 'सव्वीस पेट्रोल पंप' या अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं. आत फक्त रस्त्याकडेच्या पंपांचे फोटो. अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयानं ते ठेवून घ्यायला नकार दिला. रुशेनं काय करावं? त्या नकाराचीच जाहिरात दिली. मी हे वाचलं तेव्हा जालना रोडवरचे पंप मोजत घरी आलो होतो.

हे वाचायला गमतीचं आहे, पण माझ्यासाठी त्यातून एक दार उघडलं. चित्र पाहायला मुंबई गाठावी लागते. पण जी कला पुस्तकातच राहते, ती चिकलठाण्यात पोचली की पुरती पोचली. तिची नक्कल नाही पोचली, तीच पोचली.

आणि काही वेळा तर कागदाशिवाय दुसरं काही उरतच नाही. रुम्माना हुसेन यांच्याबद्दल वाचलं तेव्हा हे लख्ख कळलं. आधी त्या कॅनव्हासवर चित्रं काढायच्या. बाबरी मशीद पडली, मुंबई पेटली, आणि त्यानंतर त्यांच्या हातून निराळंच काम होऊ लागलं. फुटलेली मडकी, आरसे, गेरू, फोटो. १९९५ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत पायात घुंगरू बांधून, हातात अर्धी कापलेली पपई घेऊन, तोंड उघडं ठेवून त्या आवाज न करता चालल्या. घुमटाचा आकार आणि कापलेल्या पपईचा आकार एकच. १९९९ मध्ये कर्करोगानं त्या गेल्या, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. ते चालणं आता कुठं पाहणार? फोटो आहेत, लिहिलेलं आहे. तेवढंच. १९९२ मध्ये मी शाळेत होतो. त्या डिसेंबरात आमच्या घरात काय बोललं गेलं, काय बोललं गेलं नाही, हे मला आठवतं. ते कुठंच नोंदलेलं नाही.

घरात अडचणी होत्याच. जागेची पहिली. दुसरी, पावसाळ्याची. गुळगुळीत आर्ट पेपर दमट हवेत एकमेकांना चिकटतो, सोडवायला गेलं की शाईसकट सोलून निघतो. पिना गंजतात आणि कागदावर तपकिरी डाग पाडतात. म्हणून मी पिना काढून दोऱ्यानं शिवतो. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतो. डांबराच्या गोळ्या घातल्या की अम्मीला खोकला येतो. दर ऑक्टोबरात सगळं बाहेर काढून सावलीत पसरायचं. उन्हात नाही, रंग उडतात.

तिसरी अडचण तस्बिरीची. मामू एकदा पेटी उघडी असताना आले. म्हणाले, ज्या घरात तस्बीर असते तिथं फरिश्ते येत नाहीत. मी वाद घातला नाही. काही कॅटलॉग मीच वर्तमानपत्रात गुंडाळून तळाशी ठेवले होते, तेव्हा कोणत्या तोंडानं बोलणार? मी त्यांच्या हातात नसरीन मोहम्मदींचा पातळ कॅटलॉग दिला. हैदराबादच्या आबिड्सला रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथं मिळालेला. नसरीनबाई कराचीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या, बडोद्याला शिकवलं, आणि १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला वारल्या. त्यांच्या कागदावर फक्त रेघा. पेन्सिलीच्या, शाईच्या, केसासारख्या बारीक. बहुतेक कामांना नाव नाही, तारीख नाही. शेवटच्या वर्षांत आजारानं हालचालींवरचा ताबा सुटत होता, तरी रेघ हलली नाही.

मामू पूर्वी कातिब होते. उर्दू पोस्टर, लग्नाचे रुक्के, दुकानांच्या पाट्या लिहायचे. संगणकावर इनपेज आलं आणि त्यांचं काम संपलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पानं उलटली आणि म्हणाले, "ये तो मिस्तर है." मिस्तर म्हणजे दोरे ताणून बसवलेली पाटी. तिच्यावर कागद दाबला की लिहायच्या आधीच्या फिक्या ओळी उमटतात, कातिब त्यांच्या आधारानं लिहितो. कुणा समीक्षकानं नसरीनबाईंबद्दल असं लिहिलं असेल तर माझ्या वाचनात नाही. त्यानंतर मामूंनी फरिश्त्यांचा विषय काढला नाही. उलट कधीकधी विचारायचे, "वो लकीरां वाली किताब किधर है?"

सगळ्यात मोठा खजिना २०१४ मध्ये आला. आतेभाऊ शिकागोला असतो. येताना त्यानं झरीना यांच्या प्रदर्शनाचा कॅटलॉग आणला. लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयानं २०१२ मध्ये भरवलेलं ते प्रदर्शन पुढच्या वर्षी शिकागोला आलं होतं. झरीना हाशमी अलीगढच्या. वडील तिथल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. त्या स्वतः गणित शिकलेल्या. १९५९ मध्ये आईवडील पाकिस्तानात गेले. झरीना देशोदेशी राहिल्या, शेवटी न्यूयॉर्कला स्थिरावल्या. १९९९ मध्ये त्यांनी छत्तीस लाकडी ठशांचा एक संच केला. प्रत्येक कागदावर एक उर्दू शब्द आणि त्या शब्दाचं जवळजवळ नकाशासारखं चित्र. घर. दहलीज. दरवाजा. अंगण. भिंत. भाषा. सरहद. शब्द नस्तालीकमध्ये एका पाकिस्तानी कातिबाकडून लिहून घेतलेले.

मी उर्दू शिकवणारा माणूस. 'दहलीज' या शब्दाचा अर्थ फळ्यावर किती वर्षं लिहीत आलो! त्या पानासमोर बसलो आणि वाटलं, आपण मुलांना शब्द सांगितले, दाखवले कधीच नाहीत.

जानेवारी २०१७ मध्ये नववीच्या चौदा मुलींना मी तो कॅटलॉग दाखवला. म्हटलं, प्रत्येकीनं एक शब्द घ्यायचा. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी, मध्ये तुम्हाला जे सुचेल ते. रंगपेटी घेणं सक्तीचं नाही. मुलींनी जे आणलं ते पाहून मी गप्प झालो. 'चूल' आणणारीनं कागदाला धूर दिला होता. 'पर्दा'वालीनं कागदाऐवजी जुन्या खिडकीच्या पडद्याचा तुकडा आणला. 'दहलीज' म्हणजे उंबरठा घेणाऱ्या मुलीनं घराच्या उंबऱ्याच्या दगडावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली होती. दगडाची झीज, टवके, मधला खोलगट भाग, सगळं कागदावर आलं. म्हणाली, "सर, इथं दादीचे पाय पडले, अब्बांचे पडले, म्हणून मध्ये खोल आहे."

वर्गात सुतळी बांधून कागद टांगले. प्रदर्शन एक दिवसाचं. आणि मी ठरवलं, कॅटलॉग करायचाच. अमेरिकेत त्यांना झेरॉक्स परवडलं नव्हतं, आम्हाला दुसरं काही परवडणार नव्हतं. पंचवीस प्रती. मुखपृष्ठासाठी मी कागजीपुऱ्याला गेलो. दौलताबादहून खुलताबादला जाताना हे गाव लागतं. तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हा कागद करणारी माणसं सोबत आली आणि इथंच राहिली, असं सांगतात. आज फार थोडे लोक हातकागद करतात. जाडसर, खरखरीत, कापसाच्या चिंध्यांचा कागद घेतला. त्यावर मामूंनी बोरूनं नाव लिहिलं, 'लफ्ज और घर'. किती वर्षांनी बोरू हातात धरला होता त्यांनी! मामू २०२१ मध्ये गेले. त्यांच्या हातचं नस्तालीक माझ्याकडे तेवढंच आहे.

कॅटलॉग दोन्हीकडून उघडतो. उर्दू उजवीकडून सुरू होते, मराठी डावीकडून, आणि मधल्या पानावर दोघी भेटतात. मधल्या पानाचा शब्द मुलींनीच निवडला. उर्दूत कागज, मराठीत कागद. प्रत्येक कामाखाली पद्धतशीर नोंद. उदाहरणार्थ: 'दहलीज / उंबरठा. २०१७. कागदावर पेन्सिल आणि दगड. २९ × २१ सेंटीमीटर. संग्रह: अम्मी.' 'संग्रह' म्हणजे काय विचारल्यावर मी सांगितलं होतं, ते कुणाकडे राहणार ते. चौदापैकी अकरा जणींनी 'अम्मी' लिहिलं.

पण कागद अम्मींकडे गेले नाहीत. मीच म्हणालो, "घरी हरवतील. मी जपून ठेवतो." मुलींनी विश्वासानं दिले. आणि मी ते शाळेच्या कपाटात ठेवले. घरी का नेले नाहीत? पेटीत जागा नव्हती.

पुढच्या वर्षी मे महिन्यात शाळेची रंगरंगोटी झाली. कपाटं रिकामी केली गेली. मी सुट्टीवर होतो. जूनमध्ये गेलो तर कपाट चकचकीत, आत नवे रजिस्टर. शिपायाला विचारलं. रद्दी गेली होती. त्याची चूक नव्हती, गठ्ठ्यावर मी नावही घातलेलं नव्हतं. रद्दीवाला म्हणाला, "सर, माल तर केव्हाच टेम्पोत भरून गेला. लगदा झाला असेल." पंधरा वर्षं ज्या माणसानं रद्दीतून कॅटलॉग वेचले, त्याच्या विद्यार्थिनींची मूळ कामं रद्दीत गेली. मुलींना मी सांगितलं नाही. त्या दहावीच्या गडबडीत होत्या, कुणी विचारलं नाही, आणि मला ते सोयीचं वाटलं.

२०१९ च्या डिसेंबरात मोहल्ल्यात सगळे कागद शोधत होते. जन्माचे, शाळेचे, घराचे. आम्हीही अब्बांचा शाळेचा दाखला शोधायला पेटी उपसली. दाखला सापडला नाही. बायको पसाऱ्याकडे बघत म्हणाली, "दुनियाभरच्या लोकांचा हिशेब आहे, तेवढा अब्बांचा नाही." ती रागावून बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

आणि मग दोन वर्षांपूर्वी उंबरठा आणणारी ती मुलगी घरी आली. कला शिक्षक पदविकेला प्रवेश घ्यायचा होता, जुनी कामं दाखवायला हवी होती. शिवाय मधल्या काळात रस्ता रुंद करताना त्यांच्या घराचा पुढचा भाग गेला होता. दार गेलं, उंबरा गेला. दादीही गेली. ती म्हणाली, "सर, माझा तो दहलीजचा कागद पाहिजे होता. आता तेवढंच राहिलंय."

खोटं बोलायला वाव होता. सापडत नाही, शोधून ठेवतो, असं म्हणता आलं असतं. पण समोर पेटी होती. मी सांगितलं, तुझा कागद रद्दीत गेला. माझ्यामुळे गेला.

ती थोडा वेळ पेटीकडे पाहत राहिली. मग विचारलं, "सर, यात का नाही ठेवला?"

मी म्हणालो, "जागा नव्हती."

म्हणताना मलाच ते ऐकू आलं. शिकागोहून आलेल्या दोन किलोच्या पुस्तकाला जागा होती. जे दालन मी कधी पाहिलं नाही त्याच्या निमंत्रणपत्रिकेला जागा होती. चौदा कागद जाडीनं एक बोटसुद्धा भरले नसते. मी संग्रह करत होतो तो आधीच कुणीतरी मोठं ठरवलेल्या कामांचा. त्यांच्या प्रती दुनियेत आणखी शेकडो ठिकाणी असणार. ज्याची एकच प्रत होती आणि जिचा सांभाळ माझ्याशिवाय कुणी करणार नव्हतं, ते मी कपाटात टाकलं.

पंचवीसपैकी तीन कॅटलॉग शिल्लक होते. मी तिन्ही तिच्यासमोर ठेवले. तिनं एकच घेतला. झेरॉक्समध्ये उंबऱ्याचा दगड काळाकुट्ट आला आहे, बारीक टवके दिसत नाहीत. मधला खोलगट भाग मात्र दिसतो. तिनं त्यावर बोट ठेवलं. खालची ओळ वाचली, "संग्रह: अम्मी", आणि म्हणाली, "अम्मीला दाखवते." तिला प्रवेश मिळाला. कधीतरी फोन येतो. तिनं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलेलं नाही.

त्यानंतर मी पेटीतून एकतीस जाड कॅटलॉग काढले आणि एका कला महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दिले. तिथं मुलं ते वापरतात. देताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू? झरीना, नसरीन ठेवल्या. पेटीतला वरचा कप्पा आता विद्यार्थ्यांचा. प्रत्येक गठ्ठ्यावर नाव, वर्ग, साल. आणि एक गोष्ट पाळतो. मूळ काम ज्याचं त्याच्या घरी जाईल, माझ्याकडे फक्त प्रत राहील, जोवर मूल स्वतः "सर, तुम्ही ठेवा" म्हणत नाही. अब्बांच्या पगाराच्या दोन चिठ्ठ्या एका जुन्या कॅटलॉगच्या पानांत सापडल्या, त्याही तिथंच ठेवल्या आहेत.

यंदा सातवीला विषय दिला, पाणी. बहुतेकांनी नदी, बादली, टँकर काढला. एका मुलानं वहीच्या पानावर नुसत्या तारखा लिहून आणल्या. एकाखाली एक, जूनपासूनच्या. मी म्हटलं, "बेटा, चित्र कुठाय?" तो म्हणाला, "सर, यहीच है. नळाला पाणी आलं ना, त्या तारखा." ओन कावारा नावाचा जपानी कलावंत १९६६ पासून कॅनव्हासवर फक्त त्या दिवसाची तारीख रंगवायचा, मध्यरात्रीपर्यंत झाली नाही तर ती नष्ट करायचा. या पोरानं त्याचं नावही ऐकलेलं नाही. मी ते पान पुन्हा वाचलं. दोन तारखांमधल्या मोकळ्या जागेत आमची सगळी गल्ली उभी होती, हंडे घेऊन.

"सर, तुम्ही ठेवा," तो म्हणाला.

मी त्याच्यासमोरच नोंद केली. पाणी. वहीचं पान, निळं बॉलपेन. संग्रह: पेटी, वरचा कप्पा.